डॉक्टर आहेत, मग सिझेरियन का होत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. गावांची आणि रुग्णालयांची नावं मुद्दाम गाळली आहेत, कारण दुखणं एखाद्या इमारतीचं नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला ३० खाटांची इमारत आहे, ऑपरेशन थिएटर आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमही रुजू झाल्यात. तरी सुनेला रात्री दीड वाजता जिल्ह्याच्या गावी हलवा म्हणाले. ही टाळाटाळ नाही तर काय? (रत्नागिरी जिल्हा)

टाळाटाळ असेलच असं नाही. घोडं बहुतेक वेळा भुलेपाशी अडतं.

सिझेरियनला एक डॉक्टर पुरत नाही. शस्त्रक्रिया करणारा एक, भूल देणारा दुसरा, जन्मलेलं बाळ रडलं नाही तर त्याला पिशवीने श्वास देऊ शकणारं कुणीतरी, हत्यारं लावणारी सिस्टर, आणि फ्रीजमध्ये जुळणारं रक्त. यातलं एक नसलं की उरलेल्या सगळ्यांचा पगार चालू राहतो आणि थिएटर बंद राहतं. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करणं हे पाच-दहा मिनिटांचं काम. पण त्यानंतर रक्तदाब एकदम कोसळला, किंवा भूल छातीपर्यंत चढून श्वास मंदावला, तर घशातून नळी टाकून श्वास देणारा माणूस तिथेच उभा लागतो. तो नसताना सुरी हातात घेणारी डॉक्टर धाडसी नव्हे, बेजबाबदार ठरेल. तुमच्या सुनेला पुढे पाठवणाऱ्या मॅडमनी त्या रात्री बरोबरच केलं असण्याची शक्यता जास्त आहे.

आता समजा, भूलतज्ज्ञाचं पद भरलं. तरी गणित बसत नाही. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. रजा आणि आजारपण धरलं तर चोवीस तास भूलतज्ज्ञ हजर ठेवायला चार-पाच माणसं लागतात, आणि मंजूर पद असतं एक. मग सोमवारी सकाळी सिझेरियन होतं, शनिवारी रात्री होत नाही, आणि लोक म्हणतात डॉक्टर माणूस बघून काम करतात.

ही गत फक्त कोकणाची नाही. केंद्राच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत ३१ मार्च २०२२ ची स्थिती अशी : देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत (आपल्याकडची ग्रामीण रुग्णालयं याच पातळीची) गरजेच्या तुलनेत शल्यचिकित्सक ८३.२ टक्के कमी, बालरोगतज्ज्ञ ८१.६, फिजिशियन ७९.१ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के कमी. म्हणजे पाच खुर्च्यांतल्या चार रिकाम्या. त्यातही एका ठिकाणी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दुसऱ्या ठिकाणी भूलतज्ज्ञ नेमला, तर दोघेही बिनकामाचे. जोडी एकत्र नेमायची, नाहीतर नेमूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बदल्यांची यादी करताना हे बघितलं जात नाही.

यावर उपाय आहेत. प्रत्येक केसमागे मानधन देऊन खासगी भूलतज्ज्ञाला बोलावता येतं. पण बिलं रखडली की तो फोन उचलणं बंद करतो. दुसरा उपाय, एमबीबीएस डॉक्टरला जीवरक्षक भुलेचं काही महिन्यांचं प्रशिक्षण द्यायचं. ते चांगलं आहे, मात्र प्रशिक्षण घेऊन आलेल्याला थिएटरच नसलेल्या केंद्रात नेमलं तर वर्षभरात हात बसलेला असतो तो सुटतो.

रक्ताचंही तसंच. साठवण केंद्राला २ ते ६ अंश तापमान राखणारा फ्रीज, वीज गेली तर जनरेटर आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. पिशवी प्रकारानुसार ३५ ते ४२ दिवस टिकते. महिन्याला चारच पिशव्या लागणाऱ्या ठिकाणी ती वाया जाऊ नये म्हणून मुदत संपण्याआधी मुख्य रक्तपेढीशी अदलाबदल करावी लागते. तंत्रज्ञाचं पद रिकामं राहिलं की हे कुणी बघत नाही आणि फ्रीजमध्ये लशी, नाहीतर डबे जाऊन बसतात.

पुढच्या वेळी आठव्या महिन्यातच रुग्णालयात तीन गोष्टी विचारा : रात्री आणि रविवारी भूलतज्ज्ञ येतो का, आमच्या रक्तगटाचं रक्त इथे असतं का, नसेल तर कुठे पाठवता. आधीचं सिझेरियन, जुळी, आडवं मूल, वार खाली असणं, वाढलेला रक्तदाब, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यातलं काहीही असेल तर तारखेच्या आठवडाभर आधी मोठ्या रुग्णालयाजवळ नातेवाइकांकडे जाऊन राहणं शहाणपणाचं. खाडीपलीकडच्या गावांनी तर नक्कीच, कारण शेवटची फेरीबोट गेली की तासाभराचा रस्ता अडीच-तीन तासांचा होतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी असते, तेव्हाच हे ठरवून टाका. नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे. तब्येत अचानक बिघडली तर १०८.

प्रश्न : पेपरात वाचलं की भारतात ८३६ लोकांमागे एक डॉक्टर आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचा निकष १००० चा आहे. मग तुटवड्याची ओरड कशाला? (अलिबाग)

आकडा सरकारी आहे, पण तो कसा काढला ते बघा. २०२४ मध्ये सांगितलेल्या या आकड्यात १३.८६ लाख नोंदणीकृत अॅलोपॅथी डॉक्टर धरले, त्यातले ८० टक्के प्रत्यक्ष काम करतात असं मानलं, आणि त्यात ५.६५ लाख आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टर मिळवले. आयुष वगळून १४० कोटींना भागा, एका डॉक्टरमागे साधारण १२६० माणसं येतात. नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर दुबईत असू शकतो, निवृत्त असू शकतो, मुंबईत फक्त सौंदर्योपचार करत असू शकतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने १:१००० असा दंडक घालून दिलेला नाही. वर्षानुवर्षं तो एकमेकांच्या लेखातून उतरवला जातो आहे, इतकंच.

संघटना मोजते ते डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून. २००६ च्या तिच्या अहवालात किमान मर्यादा दर हजारी २.२८ होती आणि ५७ देश तिच्या खाली होते. २०१६ मध्ये ती ४.४५ केली. त्याच २००६ च्या अहवालातली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे : जगातल्या आजारांचा २४ टक्के बोजा आफ्रिकेवर, आणि जगातले आरोग्य कर्मचारी तिथे ३ टक्के. अमेरिका खंडांवर बोजा १० टक्के, कर्मचारी ३७ टक्के. परिचारिकांबद्दलचा २०२५ चा अहवाल सांगतो की जगातल्या २.९८ कोटी परिचारिकांपैकी ७८ टक्के अशा देशांत आहेत जिथे जगाची ४९ टक्केच लोकसंख्या राहते. २०३० पर्यंत जगाला सुमारे १ कोटी १० लाख आरोग्य कर्मचारी कमी पडतील असा अंदाज आहे. सरासरी कितीही सुधारली तरी वाटप तसंच राहिलं तर तुमच्या तालुक्याला काही फरक पडत नाही.

प्रश्न : आमच्या उपकेंद्राखाली अकरा वाड्या आहेत. नवं उपकेंद्र मागितलं तर "लोकसंख्या बसत नाही" असं उत्तर येतं. (राजापूर तालुका)

निकष माणसं मोजतो, अंतर नाही. मैदानी भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी किंवा आदिवासी भागात ३,००० आणि २०,०००. आणि कोकणात माणसं घटताहेत. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गचीही ८.६९ वरून ८.५० लाखांवर. जी गेली ती कमावती, मागे राहिली ती म्हातारी. सत्तरीच्या माणसाला रक्तदाब, साखर, मोतीबिंदू, गुडघे असं सगळं एकत्र लागतं, पण निकषात तोही एक आणि पंचविशीचा तरुणही एक. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी उतरले की गाव दुप्पट होतं, ते कुठल्याच रजिस्टरात नसतं.

तेव्हा मागणी करताना लोकसंख्येचा वाद घालू नका, त्यात तुम्ही हराल. आपलं क्षेत्र डोंगरी निकषात धरलं आहे का ते आधी विचारा. मग प्रत्येक वाडीपासून उपकेंद्रापर्यंत चालत लागणारा वेळ, पावसाळ्यात बंद होणारे साकव आणि ६० वर्षांवरची माणसं असा तक्ता आशाताईंच्या मदतीने करून ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. नवं उपकेंद्र नाही मिळालं तरी वाडीवर ठरल्या वारी आरोग्यसेविकेची फेरी मिळू शकते, आणि ती मिळवणं सोपं आहे.

प्रश्न : उपकेंद्रात बीएएमएस डॉक्टर, १०८ च्या गाडीतही बहुतेक बीएएमएसच. फुरसं चावलेला माणूस यांच्या हाती सोपवायचा का? (कणकवली)

सोपवायचा, पण कुणी काय करायचं ते माहीत हवं. सर्पदंशात तज्ज्ञापेक्षा वेळ महत्त्वाची, आणि हे काम तज्ज्ञाचं नाहीच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचं आहे. उपकेंद्राने प्रतिसर्पविषाच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनच्या, नादी लागू नये. तिथे अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय फळी बांधून स्थिर करायचा, माणसाला चालू द्यायचं नाही आणि गाडी बोलवायची. दोरी आवळणं, ब्लेड मारणं, चोखणं यातलं काही नाही.

पुढे केंद्रात फुरसं आणि घोणस यांच्या विषाची परीक्षा एका काचेच्या नळीत होते. कोरड्या, स्वच्छ नळीत २ मिली ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त ओघळलं, म्हणजे गोठलं नाही, म्हणजे विष भिनलं. ही परीक्षा चुकते ती बहुधा नळीमुळे. प्लास्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही, आणि साबणाच्या पाण्याने धुतलेल्या काचेतही नाही. मग विष नसलेल्याला उगाच औषध जातं. म्हणून काचेच्या नव्या नळ्या आणि भिंतीवरचं घड्याळ या दोन वस्तू केंद्रात आहेत का, हे बघा. डॉक्टरच्या पदवीचं नंतर बघू.

विष चढल्याची खूण दिसली तर प्रतिसर्पविषाच्या ८ ते १० कुप्या सलाइनमधून सुमारे तासाभरात द्यायच्या. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वजन बघून टोचलेलं नसतं. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, तर अॅड्रेनलिनचं इंजेक्शन भरून शेजारीच ठेवलेलं हवं. सहा तासांनी पुन्हा नळी. चावूनही विष टोचलेलंच नाही असं अनेकदा होतं, त्यामुळे "आल्या आल्या इंजेक्शन द्या" म्हणून डॉक्टरच्या अंगावर जाऊ नका.

साध्या केंद्रात किती होऊ शकतं याचा दाखला कोकणातलाच आहे. विंचूदंशाने दगावणाऱ्यांचं प्रमाण एकेकाळी ३०-४० टक्के होतं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केलेल्या आणि पुढे महाडला स्थिरावलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यावर वापरली. १९८६ साली ते काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. मृत्यू १ टक्क्याच्या आसपास उतरले. गोळी कुठल्याही केंद्रात ठेवता येते, आणि ती द्यायला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही.

जगात याहून पुढे गेलेले देश आहेत. मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांना शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी केलेली सिझेरियन डॉक्टरांच्या तोडीची निघाली. सात वर्षांनी पाहिलं तर जिल्हा रुग्णालयांत दहातले जवळपास नऊ तंत्रज्ञ टिकलेले, डॉक्टर एकही नाही. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा ग्रामीण वैद्यकीय सहायकांचा अभ्यासक्रम काढला. प्राथमिक उपचारांत ते एमबीबीएसच्या बरोबरीचे आढळले, पण अभ्यासक्रम काही वर्षांतच गुंडाळला गेला. वैद्यकीय व्यवसायाचा अशा मधल्या पदव्यांना विरोध जुना आहे. १९४६ च्या भोर समितीनेही परवानाधारक डॉक्टरांचा छोटा अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं होतं.

प्रश्न : मी सरपंच आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चार वर्षांत पाच वैद्यकीय अधिकारी आले नि गेले. ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे? (देवगड तालुका)

सक्तीवर विसंबू नका. एमबीबीएसनंतरची एक वर्षाची सरकारी सेवा म्हणजे बाँड. त्यावर आलेला डॉक्टर मुळातच वर्षाचा पाहुणा, आणि त्या वर्षात तो रात्री नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. उलट दुर्गम भागातल्या सेवेच्या दर वर्षाला पीजी प्रवेशात १० टक्के, कमाल ३० टक्के प्रोत्साहन गुण देण्याची सोय नियमात आहे. आपलं केंद्र दुर्गम यादीत आहे का, हे तपासा. नसेल तर तिथे येण्याचं एक मोठं कारणच नाहीसं झालं.

जाणाऱ्याला एकदा शांतपणे विचारा, का चाललात. पगाराचं नाव क्वचित येतं, आणि आलं तर ते रकमेपेक्षा उशिराबद्दल असतं. क्वार्टर गळतं. जुलैत भिंतीला बुरशी, विहिरीचं पाणी गढूळ, वीज गेली की दोन दिवस नाही. नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी नाही. दोन मंजूर डॉक्टरांपैकी एक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे, म्हणून महिन्याच्या सगळ्या रात्री एकट्याने. आणि रुग्ण दगावला की जमाव. (मारहाणीविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गावाने मध्ये उभं राहणं जास्त उपयोगी पडतं.)

यातलं क्वार्टर तुमच्या आवाक्यात आहे. मे महिन्यात कौलं किंवा पत्रे, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी आणि फिल्टर, इंटरनेटची जोडणी. रुग्ण कल्याण समितीचा निधी आणि ग्रामपंचायतीचा निधी एकत्र केला तर हे होतं. त्यानंतर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की पुरे, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक. पण "किती पदं रिक्त आहेत" असं विचारू नका. तीन रकाने मागा : मंजूर किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी आज प्रत्यक्ष इथे कामावर किती. प्रतिनियुक्ती आणि दीर्घ रजा तिसऱ्या रकान्यात उघड्या पडतात. नवं पद मिळवण्यापेक्षा प्रतिनियुक्ती रद्द करून घेणं कितीतरी सोपं. अर्ज कुठे, हेही चुकतं : उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्य शासनाचं, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक.

लांबचा विचार केला तर जगभर टिकलेला उपाय एकच आहे, तिथल्याच मुलांना डॉक्टर करणं. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठात १९७२ पासून प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं निवडतात. पदवीनंतर नऊ वर्षं आपल्या प्रांतात काम केलं की शिक्षणाचं कर्ज माफ. नॉर्वेने उत्तर टोकाला ट्रोम्सोमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केलं ते याच हेतूने. आपल्याकडे २०२१ नंतर अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शासकीय महाविद्यालयं आली हे उत्तमच, पण जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरतात. जिल्ह्याच्या मुलांसाठी वेगळी वाट नाही. शेजारी कॉलेज आहे म्हणून दोडामार्गच्या मुलीला प्रवेश मिळत नाही, आणि लातूरचा मुलगा इंटर्नशिप संपली की लातूरला जातो.

प्रश्न : मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीला जायचं म्हणते. एजंट साडेचार लाख मागतो. इथे सिस्टर मिळत नाहीत आणि आपण मुलगी बाहेर पाठवायची, हेही मनाला पटत नाही. (सावंतवाडी)

आधी पैशाचं. भारतात नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. त्याचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा, त्याने दाखवलेल्या कागदावर नाही. भाषेच्या वर्गाची फी वेगळी असू शकते, पण ती वेगळ्या पावतीवर हवी. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-२ पातळीची भाषा लागते. पदवीत कमी पडणारे विषय कळवणारं पत्र येतं, मग तिथे काही महिने उमेदवारी किंवा परीक्षा. तोवर हाती पडतो तो मदतनिसाचा, म्हणजे कमी पगार. एजंट सुरुवातीपासूनच पूर्ण पगाराचा आकडा सांगतो, तिथे फसगत होते. करारात "मुदतीआधी सोडल्यास भरपाई" असं कलम असेल तर रक्कम आणि ती दर महिन्याला किती उतरते ते वाचा. इंग्लंडचा मार्ग वेगळा : आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७, मग संगणकावरची परीक्षा, मग तिथे प्रात्यक्षिक. दोन्हीकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पडताळणीपत्र लागतं. निकाल लागल्यावर पहिला अर्ज त्याचाच करा.

मनाला न पटण्याबद्दल : जगातल्या दर सातांपैकी एक परिचारिका जन्मदेशाबाहेर काम करते. आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता २०१० ची आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ५५ देशांची यादी काढली, जिथून श्रीमंत देशांनी उचलेगिरी करू नये. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान त्यात आहेत, भारत नाही. त्या संहितेतही जाणाऱ्या माणसाचा हक्क मान्य आहे. जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. इथे पदं असून अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटं देणाऱ्या यंत्रणेचा भार तुमच्या मुलीने उचलायचं कारण नाही. जायचंच असेल तर आधी वर्ष-दोन वर्षं एखाद्या मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता किंवा थिएटरचा अनुभव घेऊ द्या. तिकडे अनुभवाचं पत्र मागतात, आणि परत यायचं ठरलं तर इथेही त्यालाच किंमत आहे.